पडदा, साडेसात फूट

टेपमावशीने दवाखान्यातल्या कारकुनाची अर्धी मिशी कात्रीने उडवली, ही बातमी मी एका दिवसात चार तोंडांतून ऐकली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "डावी बाजू गं, सपशेल! बिचारा गालावर हात धरून बसलाय." इस्त्रीवाल्याच्या घोगऱ्या आवाजात मिशी दोन्ही बाजूंसकट गेली होती. मी शाळेत पोचेपर्यंत मिशीसोबत कानाची पाळीही गेली. आणि संध्याकाळी दूधवाल्या आजींनी जुनंच पुराण नव्याने काढलं: "ती बाई कपड्याच्या काठात काळा दोरा शिवते. म्हणून तिच्या गिऱ्हाइकांच्या घरी पाळणा हलत नाही. आता तर काय, उघड उघड कात्री घेऊन निघाली!"

मी तिथे होते. कारकुनापासून चार हातांवर. मिशी दोन्ही बाजूंनी शाबूत आहे. ती फक्त पांढरी झाली होती, तीही पाच मिनिटांपुरती. का झाली ते सांगते, पण आधी मावशी कोण ते सांगायला हवं.

टेपमावशी नात्याने माझी कुणी नाही. आमच्या जिन्याखाली तिचं शिवणाचं दुकान आहे आणि मोजायची टेप तिच्या गळ्यात कायम असते, म्हणून ती टेपमावशी. दुकानात दोन मशिनी, त्यातल्या एकीचा पट्टा दर तासाला निसटतो. खडूने पांढरं झालेलं टेबल. आणि कोपऱ्यात एक फुलाफुलांचा पडदा. पडद्यामागे आरसा, स्टूल, एक खुंटी. बास. बोलताना मावशीच्या ओठांत चार टाचण्या असतात, त्यामुळे शब्द डाव्या कोपऱ्यातून घसरत येतात. ही नक्कल जमायला मला दोन आठवडे लागले. काडेपेटीच्या काड्या तोंडात धरून सराव केला. मावशीने पकडलं तेव्हा म्हणाली, "जमलंय. फक्त टाचणी गिळायची भीती डोळ्यांत दिसू देऊ नकोस. मला नसते."

तिचं लग्न सतराव्या वर्षी झालं. बाविसावं सरायच्या आत तीन मुलं. तिसऱ्या खेपेला दवाखान्यात एका नर्सने खाटेशी येऊन विचारलं, "पुढचं काय ठरवलंयस?" मावशी म्हणते, "मी मागे वळून बघितलं. म्हटलं, माझ्यामागे कुणी उभं असेल, त्याला विचारतेय."

मागे भिंत होती.

"पोरं माझी आहेत, गुणाची आहेत, एकही परत करणार नाही," हे ती दर वेळी आधी सांगते. "पण बाईला बटण कुठलं हवं ते विचारतात, गळा गोल की चौकोनी ते विचारतात. एवढं एकच विचारायचं सगळे बरे विसरतात!"

म्हणून तिच्या दुकानात एक कायदा आहे. माप घेताना पडद्यामागे फक्त मावशी आणि जिचं माप ती. सासू बाहेर, नवरा बाहेर, लेक बाहेर, शेजारीण तर जिन्यावर. जिचं माप, तिनेच सांगायचं. माप घ्यायला लागतात पाच मिनिटं, पण मावशी वीस लावते. आत विचारते, "कुठे घट्ट होतंय?" आणि बायका सांगायला लागतात. गोळ्या विसरल्या तर काय, पाळी चुकली तर कुठे जायचं, दोन मुलांत अंतर हवं तर काय करायचं. मावशीला जे माहीत आहे ते ती सांगते, जे माहीत नाही ते त्या जुन्या, आता निवृत्त झालेल्या नर्सला विचारून पुढच्या ट्रायलला सांगते. काळाबिळा दोरा काही नाही. बेकरीवाल्याच्या बायकोला दुसरं मूल हवं होतं आणि नवरा नको म्हणून अडून बसला होता, तेव्हा मावशी तिच्याही बाजूने उभी राहिली. "हवं असेल तर ढगळ शिवते, नको असेल तर मापात. मला दोन्ही येतं. ठरवायचं तिने."

आता आमच्या घरची गोष्ट.

माझ्या वहिनीला दोन मुली आहेत, एक तीन वर्षांची, एक आठ महिन्यांची. धाकटीच्या वेळी वहिनीचं रक्त थांबेना. डॉक्टरांनी बजावलं, निदान तीन वर्षं पुढचा विचार करायचा नाही, जिवावर बेतेल. वहिनीने हे घरी सांगितलं. माझी आई, म्हणजे तिची सासू, म्हणाली, "डॉक्टर घाबरवतातच. मला पण घाबरवलं होतं." दादाने ताटात बघितलं. आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं निघालं की दादा नेहमी ताटात बघतो. आणि आईचं चालूच, "एक अजून होऊन जाऊ दे. पाठोपाठ झालेली बरी, एकदम मोठी होतात."

वहिनी भांडणारी नाही. ती इतकी हळू बोलते की तिची नक्कल करताना मला आवाजच काढावा लागत नाही.

एके दिवशी आई वहिनीला घेऊन मावशीच्या दुकानात गेली. मी सोबत, कारण मावशीकडे फुकटची करमणूक असते. आईने कापड टेबलावर टाकलं आणि हुकूम सोडला, "हिचे दोन ड्रेस. कंबरेत चांगले ढगळ ठेवा. चार-सहा महिन्यांत लागतीलच."

मावशीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मी मनात म्हटलं, आता मजा आहे. टाचण्या काढून बोलणारी मावशी मी तोवर बघितली नव्हती.

"कुणाचे ड्रेस?"

"हिचे म्हटलं ना."

"मग माप तिला सांगू दे. तुम्ही जरा बाहेर बसा, ताई."

"अहो, मी तिची सासू आहे."

"म्हणून तर बाकावर बसा म्हणतेय. इतरांना जिन्यावर बसवते."

आई बाकावर बसली नाही. तिथेच उभी राहून पडद्याकडे डोळे वटारत राहिली. पंचवीस मिनिटं. वहिनी बाहेर आली तेव्हा मावशीने वहीत बघून मोठ्याने वाचलं, "कंबर तीस. मापात. ढगळ नको म्हणते."

"ती म्हणते? ती कधीपासून म्हणायला लागली?"

"आत्तापासून," मावशी म्हणाली.

आईने कापड उचललं, बगलेत मारलं. "या दुकानाची पायरी पुन्हा चढले तर नाव लावणार नाही," म्हणाली आणि तरातरा जिना चढून गेली. वहिनी मागे गेली. पण जाताना एकदा मागे वळून मावशीकडे बघितलं, ते मला दिसलं.

दोन दिवसांनी धाकटीला लस टोचायची होती. आईने मला सोबत पाठवलं. सोबत म्हणजे पाळतीवर. लस झाली, बाळ रडून रडून माझ्या खांद्यावर झोपलं, आणि वहिनी घराकडे वळायच्या ऐवजी नोंदणीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथला कारकून दवाखान्यात 'पुढचे' या नावाने ओळखला जातो, कारण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तो "पुढचेऽऽ" असा गळा काढतो. नाकातून, शेवटचा स्वर लांबवून, दार करकरल्यासारखा.

"मला तांबी बसवायचीय," वहिनी म्हणाली.

"काय? मोठ्याने!"

"तांबी."

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

"नवऱ्याची सही आणलीय?"

"सही... लागते?"

"म्हणजे काय! नियम आहे. नियम भिंतीवर लिहिलेले असतात बाई, माझ्या मनचे नाहीत. सही आणा, नाहीतर सासूला आणा. पुढचेऽऽ!"

घरी जाताना मी वाटभर त्याची नक्कल केली. अगदी हुबेहूब. वहिनी एकदाही हसली नाही. कोपऱ्यावर ती थांबली आणि म्हणाली, "त्यांची सही मागायला गेले तर आईंना कळणार. मग पुन्हा मला दवाखान्यात एकटीला कोण सोडणार? आणि तोवर दिवस राहिले तर? मला या दोघींना मोठं झालेलं बघायचंय गं." आवाज तसाच, हळू. मी नक्कल तिथेच बंद केली. माझ्यासाठी ही बातमीच समजा.

घरात आईला मी एवढंच सांगितलं, लस झाली. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं सगळं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी कोथिंबिरीच्या निमित्ताने खाली उतरली ती थेट मावशीकडे. मीही मागोमाग. सगळं ऐकून मावशी म्हणाली, "सही लागत नाही. मला त्या जुन्या नर्सने कधीच सांगितलंय. तू ठाम बोलायला हवंस. चल, सराव करू." आणि माझ्याकडे वळली. "तू हो कारकून."

मला काय, तेवढंच हवं होतं! मी टेबलामागे बसले, नाक चिमटीत धरल्यासारखा आवाज लावला आणि वहिनीला तीनदा हाकलून लावली. चौथ्यांदा ती जरा तरी अडून उभी राहिली. मी जोरात ओरडले, "नियम भिंतीवर लिहिलेले असतात बाई, माझ्या मनचे नाहीत!"

"थांब," मावशी म्हणाली. "हे तू तुझं घातलंस की तो म्हणाला?"

"तोच म्हणाला. शब्द न् शब्द."

"कुठल्या भिंतीवर?"

मी आठवून बघितलं. नोंदणीच्या खिडकीशेजारी, रांगेच्या बाजूला, तर भिंतभर पडदा होता, उजेडाच्या खिडकीवरून पुढे गेलेला. निळा, जाड, दांडीपासून खाली आलेला.

मावशीचा चेहरा बदलला. तिने फळीवरून मापांची जुनी वही ओढली, धूळ झटकली, पानं उलटत गेली आणि एका पानावर बोट ठेवलं. तिच्याच खडबडीत अक्षरात दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं: 'दवाखाना. नोंदणी खोली. खिडकी चार फूट. पडदा साडेसात फूट. शेजारच्या भिंतीला पोपडे, ते झाकायचे. पाटीचा खिळा पुढे आलाय, दांडी दोन इंच पुढे घेणे.'

"पाटी," मावशी म्हणाली. "तिथे पाटी होती. भली मोठी. मी तिचा खिळा मोजला गं. खिळ्याला कापड अडकू नये म्हणून दांडी पुढे घेतली. आणि पाटीवर काय लिहिलंय ते वाचलंच नाही."

दुकानात मशीन बंद होतं. पट्टा निसटलेला होता, तो लावायलाही ती उठली नाही.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षांत किती जणी सहीसाठी परत गेल्या असतील. माझ्या हातच्या पडद्यामुळे."

"तुम्हाला काय माहीत होतं?" वहिनी म्हणाली.

"मला माप माहीत होतं. खिडकी चार फूट आणि पडदा साडेसात, हे माप चूकच आहे. तेव्हा विचारायला हवं होतं, बाकीचं साडेतीन फूट कशावर घालताय म्हणून." मग तिने टाचण्यांची डबी मिटली, मोठी कात्री कापडात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. "उद्या शाळेला सुट्टी आहे ना तुझी? ये. बाळाला कुणीतरी धरायला लागेल."

आईला आम्ही सांगितलं, लशीची जागा सुजलीय, दाखवून आणतो. खोटं होतं. त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही.

सकाळी दहाला रांगेत पंधरा-वीस जणी होत्या. वहिनीचा नंबर आला. तिने सांगितलं, मला तांबी बसवायचीय, सही माझी मी करीन. कारकुनाने मान वर न करता सगळं जसंच्या तसं म्हटलं, नियम, भिंत, मनचे नाहीत. मी केलं होतं तसंच. मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

"कुठल्या भिंतीवर, साहेब?" मावशीने मागून विचारलं.

"आं?"

"नियम. कुठल्या भिंतीवर आहेत? वाचायचे होते."

त्याने हात हवेत फिरवला. सगळ्या भिंती त्यात आल्या. मावशी पडद्याजवळ गेली, टेप काढली आणि सावकाश पडद्यामागची उजेडाची खिडकी मोजली. "चार फूट," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. खडूने कापडावर सरळ रेघ मारली. आणि पिशवीतून कात्री काढली.

"ओ बाई! ओ! सरकारी मालमत्ता आहे ती!"

"शिवण माझी आहे. चुकीच्या मापाचा होता, दुरुस्त करून देतेय. दुरुस्तीचं काही घेत नाही मी."

कारकून खिडकीमागून धावत बाहेर आला आणि पडद्याचं टोक धरून ओढायला लागला. तेवढ्यात कात्री खालून वरपर्यंत पोचली. साडेतीन फूट निळं कापड त्याच्याच ओढीने दांडीवरून सुटून त्याच्या डोक्यावर कोसळलं, दोन वर्षांच्या धुळीसकट. तो बाहेर आला तेव्हा मिशी पांढरीशुभ्र. तर ही अर्धी मिशी उडवल्याची खरी हकिगत. त्याला सतरा शिंका आल्या. मी मोजल्या, पुढे नक्कल करताना लागतील म्हणून.

भिंतीवर पोपडे होते, आणि पोपड्यांच्या मधोमध पाटी. रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "काय लिहिलंय गं? कुणीतरी वाचा की. मला अक्षर येत नाही."

मावशी वाचणार होती. तिने तोंड उघडलंही, पण वहिनीकडे बघून मिटून घेतलं.

वहिनीने वाचलं. "कुटुंबनियोजनाची साधने आणि सल्ला प्रत्येक सज्ञान स्त्रीला तिच्या स्वतःच्या संमतीने मिळेल. पतीच्या किंवा सासरच्या कुणाच्याही सहीची आवश्यकता नाही. सक्ती करता येणार नाही. नकार देता येणार नाही."

"ऐकू नाही आलं," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या.

वहिनीने पुन्हा वाचलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून एकदा!" तिसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात गेला. माझ्या खांद्यावरचं बाळ दचकून जागं झालं. त्याने आईचा असा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मी तरी कुठे ऐकला होता.

कारकून परत खिडकीमागे जाऊन बसला. मिशी झटकली, घसा खाकरला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून म्हणाला, "पुढचेऽऽ!"

"पुढची मीच आहे," वहिनी म्हणाली आणि जागची हलली नाही.

रांगेतली एकही बाई पुढे सरकली नाही. एक मिनिट गेलं असेल. मग त्याने कागद सरकवला. वहिनीने स्वतःची सही केली, स्वच्छ अक्षरात, आडनावासकट.

आरडाओरडा ऐकून आतली नर्स बाहेर आली होती. तिने पाटी बघितली आणि कपाळाला हात लावला. "मला वाटायचं, इथल्या बायकांना नकोच असेल. खिडकीवरून माझ्यापर्यंत कुणी येतच नव्हतं!" ती वहिनीला आत घेऊन गेली. एकटीला. तांबी म्हणजे काय, त्रास काय होऊ शकतो, हवी तेव्हा काढता येते, गोळ्या आणि इंजेक्शनं कशी वेगळी, सगळं सांगितलं, तपासलं आणि मग विचारलं, "काय ठरवलंयस?" वहिनीने मला नंतर सांगितलं, "मी मागे वळून नाही बघितलं."

मावशी तोवर बाहेरच्या बाकावर बसून उरलेल्या पडद्याची कापलेली कड दुमडून हातशिलाई घालत होती. बारीक, एकसारखे टाके. दुपारी बाराला पडदा परत दांडीवर. चार फूट. तक्रार करायला कुणाला सुतभर जागा ठेवली नाही तिने.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. आई दारातच उभी. वहिनीने चपला काढल्या, बाळ माझ्याकडून घेतलं आणि सांगितलं, "तांबी बसवून आले. तीन वर्षं तरी नाही. त्यापुढचं त्यापुढे." आई ओरडली, रडली, माझ्या फितुरीचा उद्धार केला. तो मी इथे लिहीत नाही, पण मला तोंडपाठ आहे. संध्याकाळी दादा ताटात बघत पुटपुटला, "सही हवी होती तर मी केली असती ना."

"नको होती," वहिनी म्हणाली. आणि त्याच्या ताटात भात वाढला.

आईने आठवडाभर वहिनीशी आणि माझ्याशी अबोला धरला. मी मावशीला म्हटलं, "आई आता वर्षभर तुझ्या दुकानाची पायरी चढत नाही. लाव पैज."

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. डाव्या कोपऱ्यातून म्हणाली, "महिन्याच्या आत येईल."

"आलीच तर?"

"शंभर काजं करायची. हाताने. नाही आली तर तुला सहा खिशांची पँट शिवून देते."

पँटचं कापडसुद्धा मी निवडून ठेवलं होतं. हिरवं.

अठराव्या दिवशी दुपारी आई आली. एकटी. मी टेबलावर बसून मावशीच्या गिऱ्हाइकांच्या नकला करत होते. आईला बघून मी टेबलावरून खाली उतरले. तिच्या हातात तिचा स्वतःचा जुना ड्रेस होता.

"कंबरेत घट्ट होतोय," आई मावशीकडे न बघता म्हणाली. मग जरा थांबून, "माप घ्यायचंय. तुमच्या पद्धतीने."

मावशीने पडदा बाजूला केला.

"तू काय बघतेस?" आई माझ्यावर खेकसली. "बाहेर हो. कायदा माहीत नाही इथला?"

मी जिन्यावर जाऊन बसले. माझे कान तिखट आहेत, आणि पडदा म्हणजे काही भिंत नव्हे. आईचा आवाज आला, "मला चौघं झाली. दोन जगली. कुणी कधी..." एवढं ऐकलं आणि मी उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. माझ्या त्या दोन भावंडांचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

चाळीस मिनिटांनी आई बाहेर आली. नाक पुसलं, मला म्हणाली, "माप नीट घेते हो ही बाई." आणि जिना चढून गेली.

मी आत धावले. "काय म्हणाली? काय काय म्हणाली?"

मावशीने वही उघडून दाखवली. "कंबर छत्तीस."

"एवढंच?"

"तुला सांगायचं एवढंच." आणि माझ्यापुढे शर्टांचा ढीग ठेवला, वर सुई आणि पांढरा दोरा.

आज सदतीस काजं झाली. पहिली अकरा तिने उसवून टाकली, म्हणाली, बटण गळून पडेल यातून. म्हणजे सव्वीस.